एमएससाठी अमेरिका: मिशिगन, टेक्सास की कॅलिफोर्निया?

पुण्यातली मेकॅनिकल किंवा ई अँड टीसीची मुलं एमएसची यादी करायला बसली की रँकिंग बघतात, फी बघतात, सीनियर कुठे गेलेत ते विचारतात. नकाशा क्वचितच कोणी उघडतं. माझ्या मते तो सगळ्यात आधी उघडावा. इंटर्नशिप, करिअर फेअर, प्राध्यापकांच्या ओळखी हे सगळं त्या भागातल्या उद्योगांभोवती फिरतं, आणि कुठला उद्योग कुठे रुजला यात तिथल्या जमिनीचा आणि पाण्याचा मोठा हात आहे.

मेकॅनिकलवाल्यांनी पंचमहासरोवरांपासून सुरुवात करावी. मिनेसोटातल्या मेसाबी टेकड्यांत लोहखनिज, अ‍ॅपलेशियन डोंगरांत कोळसा, आणि मध्ये सरोवरांचा स्वस्त जलमार्ग. सुपीरियर सरोवराची पातळी ह्युरॉनपेक्षा सुमारे ६ मीटर उंच आहे. त्यामुळे खनिजाची अवजड जहाजं 'सू लॉक्स' या दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या कालव्यात शिरतात, मागचे दरवाजे बंद होतात, पाणी सोडलं जातं, आणि पाण्याबरोबर खाली उतरलेलं जहाज पुढच्या दरवाजातून बाहेर पडतं. गॅरी, क्लीव्हलंडचं पोलाद यावर उभं राहिलं आणि त्या पोलादावर डेट्रॉइट. फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कला सरकती असेंब्ली लाइन सुरू केली ती याच भागात.

डेट्रॉइट बुडालं, असं पालक म्हणतात. शहराची लोकसंख्या १९५० मध्ये साडेअठरा लाख होती, २०२० मध्ये ती ६ लाख ३९ हजारांवर आली. २०१३ मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. हे सगळं खरं आहे. पण डिझाइन आणि टेस्टिंगचं काम त्या पट्ट्यातून गेलेलं नाही. डिअरबॉर्न, वॉरन, ऑबर्न हिल्समध्ये गाड्यांच्या कंपन्या आहेत आणि आजूबाजूला त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांची तांत्रिक केंद्रं. पुण्याला ओळखीची नावंही इथलीच: कमिन्सचं मुख्यालय इंडियानातल्या कोलंबसला, जॉन डिअरचं इलिनॉयमधल्या मोलीनला. घरभाडं कॅलिफोर्नियाच्या मानाने बरंच कमी. हिवाळा मात्र कडक. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या तळाला गंज चढवतं. जुनी गाडी घेताना आधी खाली वाकून तळ बघा.

टेक्सासचं मूळ तेलात आहे. १९०१ मध्ये स्पिंडलटॉपला तेल उसळलं, १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जहाज-कालवा खुला झाला आणि पेट्रोकेमिकलचे कारखाने त्याच्या काठाने वाढले. पुढे डॅलस-ऑस्टिनकडे सेमीकंडक्टर आले. राज्याचा आयकर नाही, त्यामुळे लोन फेडणाऱ्याच्या हातात जास्त पैसे उरतात. तोटेही आहेत. उन्हाळ्यात पारा ३८ च्या वर जाणं नेहमीचं. राज्याची वीजवाहिन्यांची जाळी बरीचशी स्वतंत्र असल्याने फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत बाहेरून पुरेशी वीज घेता आली नाही आणि लाखो घरं अंधारात राहिली. शिवाय गाडीशिवाय पान हलत नाही. केमिकल, एनर्जी, व्हीएलएसआय (चिपवरची सर्किटं) करणाऱ्यांना मी तरीही टेक्सास आधी सांगेन.

कॅलिफोर्निया समजून घ्यायला पुणेकराला वेळ लागू नये. ताम्हिणीत पाऊस कोसळतो आणि दौंड कोरडं राहतं, तेच काम तिथे सिएरा नेवाडा करते: पश्चिम उतारावर पाऊस-बर्फ, पलीकडे नेवाडाचं वाळवंट. वितळलेलं पाणी कालव्यांनी मध्य खोऱ्यात जातं. जगातले सुमारे ८० टक्के बदाम तिथे पिकतात. सॉफ्टवेअर आणि चिप डिझाइनसाठी सिलिकॉन व्हॅलीला तोड नाही. पण पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. त्यातून भाडं आणि राज्याचा चढा आयकर वजा करा, मग तुलना करा. निव्वळ मेकॅनिकलसाठी मोठं लोन काढून तिथे जाणं मला पटत नाही.

ईशान्येत न्यू जर्सीला फार्मा, बोस्टनला बायोटेक, न्यूयॉर्कला फायनान्स. या विषयांची मुलं तिकडे डोळे झाकून जावीत, आणि लोकल ट्रेनने फिरता येतं हा मोठा फायदा.

आग्नेयेचा भाग मात्र आपल्याकडे उगाच दुर्लक्षित राहतो. स्पार्टनबर्गला बीएमडब्ल्यू, चॅटनूगाला फोक्सवॅगन, टस्कलूसाजवळ मर्सिडीज, माँटगोमरीला ह्युंदाई. कामगार संघटना कमजोर, जमीन मुबलक, सॅव्हाना आणि चार्ल्सटनची बंदरं हाताशी, म्हणून या कंपन्या इथे आल्या. ज्याला चाकण-रांजणगावसारख्या प्लांटवर उत्पादन किंवा क्वालिटीचं काम करायचंय, त्याने क्लेमसन आणि जॉर्जिया टेक यादीत घ्यावीत. क्लेमसनचं ग्रीनव्हिलला खास वाहन-अभियांत्रिकीचं केंद्र आहे. डिझाइन, इंजिन, टेस्टिंगमध्ये जीव रमत असेल तर मिशिगनच.

दोन ठिकाणी प्रवेश मिळाला आणि निर्णय होत नसेल, तर दोन्ही विद्यापीठांच्या करिअर फेअरला येणाऱ्या कंपन्यांची यादी मिळवा. त्यातल्या किती कंपन्यांचं काम चार तासांच्या अंतरात चालतं ते मोजा, आणि त्या परदेशी विद्यार्थ्यांना घेतात का, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना फोन करून विचारा.