सिस्टमरेस्क्यू: कर्नल स्वतः कंपाइल करणाऱ्याच्या खणात असायलाच हवा असा पेनड्राइव्ह

नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपाइल केला, रीबूट केलं आणि काळ्या पडद्यावर ‘कर्नल पॅनिक’ उमटलं, की बरेच जण सगळं पुसून लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. त्याची बहुतेक वेळा काहीच गरज नसते. डेटा जागच्या जागी असतो. बिघडलेली असते /बूट (कर्नलच्या फायलींचं फोल्डर) मधली एखादी फाइल, नाहीतर कॉन्फिगमधली एक ओळ. ती दुरुस्त करायला मशीनमध्ये बाहेरून शिरावं लागतं, आणि त्यासाठी सिस्टमरेस्क्यू या पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सइतकं सुटसुटीत साधन दुसरं नाही. गोव्यात फर्मागुडी किंवा कुंकळ्ळीच्या होस्टेलवर कर्नल बांधून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि पणजी-म्हापशात जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून देणाऱ्या दुकानदारांनी त्याचा पेनड्राइव्ह आधीच करून ठेवावा. आधीच म्हणजे कर्नल बांधायचा ‘मेक’ आदेश देण्यापूर्वी. घरातला एकुलता एक लॅपटॉप बंद पडल्यावर आयएसओ (पेनड्राइव्हवर लिहायची फाइल) उतरवून घेणार कुठून?

हे पूर्वीचं सिस्टमरेस्क्यूसीडी. आधी त्याचा पाया जेंटू या लिनक्स वितरणाचा होता, २०१९ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून तो आर्च लिनक्सचा झाला. आपल्या कामाच्या दृष्टीनं हा बदल मोलाचा, कारण त्यामुळे ‘आर्च-सीएचरूट’ (डिस्कवरच्या आपल्या लिनक्समध्ये बाहेरून शिरायचा आदेश) आयतं मिळतं आणि नव्या हार्डवेअरचे ड्रायव्हर ताजे राहतात. डाउनलोड फुकट, आकार एक जीबीच्या आसपास, २ किंवा ४ जीबीचा जुना पेनड्राइव्हही पुरतो. उतरवल्यावर एसएचए५१२ बेरीज (फाइल अखंड आहे का ते दाखवणारा आकडा) ताडून पाहा, अर्धवट उतरलेला आयएसओ ऐनवेळी दगा देतो. मग ‘डीडी’ आदेशाने पेनड्राइव्हवर लिहा: बीएस=४एम, सोबत कॉन्व्ह=एफसिंक. ‘ओएफ=’ पुढे पेनड्राइव्हचं आख्खं नाव द्यायचं, म्हणजे उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीबी; एसडीबी१ नव्हे. त्याआधी ‘एलएसबीएलके’ने डिस्कांची यादी पाहून आकारावरून खात्री करून घ्या. इथे एक अक्षर चुकलं तर मात्र डेटा खरोखरच जातो.

सुरू होताना येणाऱ्या मेन्यूत दोन पर्याय विशेष कामाचे. ‘कॉपी टू रॅम’ घेतला की सगळी प्रणाली रॅममध्ये उतरते आणि पेनड्राइव्ह काढून घेता येतो. दोनच यूएसबी पोर्ट असलेल्या लॅपटॉपवर ही मोठी सोय आहे. दुसरा ‘फाइंडरूट’. तो डिस्कवरचं तुमचंच लिनक्स सिस्टमरेस्क्यूच्या कर्नलवर चालू करतो. मॉड्यूल (कर्नलचे सुटे भाग) जुळत नसल्यानं वाय-फाय किंवा आवाज बंद राहू शकतो, पण उद्या सबमिशन असेल तर फायली काढून घेण्यापुरतं एवढं बस्स होतं.

त्याची एक उणीव आधी सांगायला हवी: सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच सुरू होऊ देणारी सोय) चालू असताना तो सुरूच होत नाही. बायोसमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. विंडोजही असलेल्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी ठेवूनच हा बदल करा. सिक्युअर बूट बंद करणं शक्य नसेल, तर उबुंटूचा सही केलेला लाइव्ह पेनड्राइव्ह वापरावा. तो कितीतरी जड आहे, पण सुरू होतो. शिवाय दुखणंच तिथे असू शकतं. ग्रबने (कर्नल निवडून सुरू करणाऱ्या बूटलोडरने) ‘बॅड शिम सिग्नेचर’ म्हटलं असेल, तर कर्नलमध्ये काही चुकलेलं नाही. तुम्ही बांधलेल्या कर्नलवर सही नाही एवढंच. स्वतःची की ‘मोकयुटिल’ने नोंदवून ‘एसबीसाइन’ने सही केली की काम झालं.

सिस्टमरेस्क्यूकडे फक्त दुरुस्तीचा पाना म्हणून पाहिलं, तर त्याचा अर्धाच उपयोग होतो. हा त्याच मशीनवर, त्याच डिस्कसमोर नीट चालणारा कर्नल आहे. तुमच्या कर्नलला जे दिसत नाही ते त्याला दिसतं, तेव्हा दोघांत फरक कुठे आहे तेवढं शोधायचं.

त्यासाठी पॅनिकचा पडदा नीट वाचायला हवा. मोबाइलवर फोटो काढा आणि मगच बटण दाबा. ‘व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ या ओळीतल्या कंसातले दोन आकडे सगळं सांगतात. (०,०) म्हणजे रूट (मुख्य पार्टिशन) म्हणून दिलेलं उपकरण कर्नलला सापडलंच नाही. तिथे (८,२) किंवा (२५९,२) असं काही असेल, तर उपकरण सापडलं, पण त्यावरची फाइलसिस्टिम वाचता आली नाही. ८ हा एसडीए जातीच्या डिस्कचा क्रमांक, २५९ एनव्हीएमईचा. वर पार्टिशनांची यादी असते तीही पाहा. ती यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हर नाही. यादी भरलेली असेल तर कर्नलला दिलेलं ‘रूट=’ चुकलंय, नाहीतर एक्स्ट४ किंवा बीटीआरएफएस ही फाइलसिस्टिम कर्नलमध्ये नाही. एक गोष्ट हमखास विसरली जाते: ‘रूट=यूयूआयडी=’ (फाइलसिस्टिमच्या ओळख-क्रमांकानं रूट सांगणं) हे एकट्या कर्नलला कळत नाही, तो अर्थ इनिटरॅमएफएस (कर्नलसोबत आधी रॅममध्ये चढणारी छोटी प्रणाली) लावतं. इनिटरॅमएफएस बनलंच नसेल किंवा ग्रबच्या नोंदीत त्याची ‘इनिटआरडी’ ओळ नसेल, तर अगदी बरोबर यूयूआयडी देऊनही (०,०) च येणार. इनिटरॅमएफएसशिवाय चालवायचंच असेल तर पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) किंवा /डेव्ह/एसडीए२ सारखं नाव द्यावं लागतं.

पॅनिक न होता ‘(इनिटरॅमएफएस)’ असा प्रॉम्प्ट आला, तर निदान बरंच पुढे सरकतं. कर्नल चालला, इनिटरॅमएफएस उलगडलं, फक्त रूट सापडली नाही किंवा माउंट झाली नाही.

आता सिस्टमरेस्क्यू सुरू करा आणि ‘एलएसपीसीआय -के’ द्या. प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणून नाव येतं. एसएसडी ज्या कंट्रोलरला जोडलाय त्याच्यासमोर एनव्हीएमई, एएचसीआय की व्हीएमडी, ते टिपून घ्या आणि तुमच्या डॉटकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) शोधा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क आपल्यामागे घेणारा इंटेलचा कंट्रोलर) चालू असतो, आणि तिथेच पुष्कळ जण अडकतात. कॉन्फिगमध्ये एनव्हीएमई अगदी ‘वाय’ (कर्नलमध्येच घेतलेला) असतो, तरी डिस्क दिसत नाही, कारण ती व्हीएमडीच्या मागे लपलेली असते. कॉन्फिग_व्हीएमडी चालू केल्याशिवाय ती पुढे येत नाही. सिस्टमरेस्क्यूत /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड मध्ये त्याचं स्वतःचं संपूर्ण कॉन्फिगही आहे. ‘झेडकॅट’ने काढून आपल्या कॉन्फिगशेजारी ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे इथली ‘एलएसमॉड’ची (लोड असलेल्या मॉड्यूलांची) यादी फाइलमध्ये साठवून पुढच्या वेळी ‘मेक एलएसमॉड=फाइल लोकलमॉडकॉन्फिग’ असं द्या. लोकलमॉडकॉन्फिग त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूलंच ठेवतं, म्हणून यादी काढण्यापूर्वी यूएसबी कीबोर्ड, डोंगल, एक्स्टर्नल डिस्क, सगळं जोडून घ्या. जे जोडलेलं नव्हतं ते नव्या कर्नलमध्ये नसेल.

ड्रायव्हर बरोबर असूनही अडत असेल तर बारीक गोष्टी तपासा. इनिटरॅमएफएस झेडएसटीडी पद्धतीनं दाबलेलं आणि कर्नलमध्ये कॉन्फिग_आरडी_झेडएसटीडी नाही, तर ते उलगडत नाही. इनिटरॅमएफएसमधलं ‘इनिट’ ही शेल स्क्रिप्ट असेल (डेबियन-उबुंटूत ती असते) आणि कर्नल हलका करताना बिन्फएमटी_स्क्रिप्ट काढून टाकलं, तर ती चालत नाही. डिस्क लक्सने कुलूपबंद असेल तर डीएम-क्रिप्टसोबत एक्सटीएस आणि एईएसही लागतात. पडदा नुसता काळा राहत असेल तर कर्नल कदाचित चालूही असेल. पडद्यावर मजकूर दाखवणारे सिंपलडीआरएम आणि फ्रेमबफर कन्सोल कॉन्फिगमध्ये चालू आहेत का ते पाहा. अशा वेळी सिस्टमरेस्क्यूतून डिस्क माउंट करून ‘जर्नलसीटीएल -डी /एमएनटी/व्हार/लॉग/जर्नल’ वाचा. फसलेल्या बूटची नोंद तिथे सापडली, तर रूट माउंट झाली होती आणि दोष पुढचा आहे. नोंदच नसेल तर गाडी त्याआधीच अडली.

दुरुस्तीची रीत अशी. पेनड्राइव्ह यूईएफआय पद्धतीनंच सुरू झालाय ना, हे /सिस/फर्मवेअर/ईएफआय आहे का यावरून पाहा. ‘एलएसबीएलके -एफ’ने पार्टिशन ओळखा, रूट /एमएनटी वर माउंट करा. बीटीआरएफएस असेल तर बहुधा ‘-ओ सबव्हॉल=@’ लागेल. वेगळी /बूट असेल तर ती, आणि मग ईएसपी (यूईएफआयचं बूट पार्टिशन) /एमएनटी/बूट/ईएफआय वर. लक्सची डिस्क उघडताना तुमच्या लिनक्सच्या /ईटीसी/क्रिप्टटॅब फाइलमध्ये आहे तेच नाव द्या, नाहीतर इनिटरॅमएफएस बनवताना ती जोडणी सुटते. मग ‘आर्च-सीएचरूट /एमएनटी /बिन/बॅश -एल’. शेवटचं ‘-एल’ गाळू नका. डेबियन-उबुंटूवर ते नसेल तर /यूएसआर/एसबिन पाथमध्ये येत नाही आणि ‘अपडेट-ग्रब: कमांड नॉट फाउंड’ असं उत्तर मिळतं. प्रोग्रॅम असतो तिथेच.

आत गेल्यावर आणखी एक सापळा आहे. ‘युनेम -आर’ तुमच्या नव्हे, सिस्टमरेस्क्यूच्या कर्नलची आवृत्ती सांगतं. म्हणून प्रत्येक आदेशाला आवृत्ती स्वतः द्यायची: ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ आणि पुढे /लिब/मॉड्यूल्स मधल्या फोल्डरचं नाव, अक्षर न अक्षर तेच. फेडोरावर ‘ड्रॅकट --केव्हर’. एनव्हिडियाचा ड्रायव्हर असेल तर ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’. त्या फोल्डरच्या नावाअखेरीस ‘+’ दिसलं तर दचकू नका. गिटवरून घेतलेल्या कोडमध्ये बदल करून बांधलं की ते आपोआप लागतं. पण मॉड्यूल आणि कर्नल दोन्हींवर ते सारखंच हवं.

त्याआधी ‘डीएफ -एच /बूट’ने जागा किती उरली ते जरूर पाहा. वितरणाचं कॉन्फिग जसंच्या तसं घेऊन बांधलं की मॉड्यूलांत डीबगची माहिती भरते, इनिटरॅमएफएस काही शे एमबींचं होतं, /बूट तुडुंब भरते आणि फाइल अर्धवट लिहिली जाते. ‘मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ म्हटलं की हा प्रश्न मिटतो. डेबियन-उबुंटूवर त्याहून बरं म्हणजे ‘मेक बिनडेब-पीकेजी’: डेब पॅकेज तयार होतं, ते बसवताना इनिटरॅमएफएस आणि ग्रब दोन्ही आपसूक होतात, आणि नको झालं तर ‘एपीटी’ने काढून टाकता येतं.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर यात विजेची भर पडते. वाळपई-सांग्याकडे झाडाची फांदी तारेवर पडली की लाइट गेलीच. कंपाइल चालू असताना गेली तर फारसं बिघडत नाही, ‘मेक’ पुन्हा दिलं की पुढे सुरू होतं. पण इन्स्टॉल चालू असताना गेली तर /बूट मध्ये शून्य बाइटची इनिटआरडी (म्हणजे इनिटरॅमएफएसची) फाइल उरू शकते. नाव अगदी बरोबर, पोट रिकामं. ‘एलएस -एल’ केल्याशिवाय हे कळत नाही. डेस्कटॉपवाल्यांनी सिस्टमरेस्क्यूतून, माउंट करण्यापूर्वी, एक्स्ट४ वर ‘ई२एफएससीके -एफ’ आणि ईएसपीवर ‘एफएससीके.व्हीफॅट -ए’ चालवावं, मग आत जाऊन इनिटरॅमएफएस नव्यानं बनवावं, आणि ‘सिंक’ दिल्याशिवाय रीबूट करू नये. पावसाळ्यात शक्य असेल तर इन्स्टॉलची पायरी लॅपटॉपच्या बॅटरीवर किंवा यूपीएसवरच करा.

उणिवा म्हणाल तर आणखी दोन. पडदा आपोआप ग्राफिकल होत नाही, ‘स्टार्टएक्स’ द्यावं लागतं. नवख्याला ते बिचकवतं. आणि फायरवॉल मुळातच चालू असतो, त्यामुळे दुसऱ्या मशीनवरून एसएसएच करायचं असेल तर बूटच्या ओळीत ‘नोफायरवॉल’ घालावं लागतं आणि रूटचा पासवर्ड ठेवावा लागतो. दोन्ही गोष्टी माहीत असल्या की अडचण राहत नाही.

पेनड्राइव्ह लागण्याची वेळच कमी यावी यासाठी ग्रबमध्ये जुना कर्नल कधीही काढून टाकू नका, आणि ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ दिसतील इतका वेळ मेन्यू थांबू द्या. नव्या कर्नलच्या ओळीत ‘पॅनिक=१०’ घाला, ‘ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड’ ठेवा आणि नवा कर्नल ‘ग्रब-रीबूट’ने एकदाच निवडा. पॅनिक झाला तर दहा सेकंदांनी मशीन आपण होऊन जुन्या कर्नलवर परत येतं. हे /बूट साध्या एक्स्ट४ पार्टिशनवर असेल तरच. एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर ग्रबला ती ‘एकदाच’ची नोंद पुसता येत नाही आणि मशीन त्याच नव्या कर्नलवर गरगर फिरत राहतं.

पेनड्राइव्ह झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. इथल्या खाऱ्या हवेत उघड्यावर पडलेल्या यूएसबीच्या पट्ट्या काळवंडतात. आणि चतुर्थीच्या आसपास एकदा काढून, नवी आवृत्ती लिहून, आपल्याच मशीनवर बूट होतो ना ते पाहून घ्या.