स्वस्त थर, मोठी जागा: अमॉर्फस सिलिकॉनच्या पॅनेलचे परीक्षण

कोकणातील घराचे दिवे, एक छोटा डीसी पंखा आणि मोबाइलचे चार्जिंग एवढ्याच गरजेसाठी आम्ही नव्या मोनो (एकसंध स्फटिकी सिलिकॉनच्या) सौर पॅनेलऐवजी एका बंद झालेल्या प्रकल्पातून उतरवलेली अमॉर्फस, म्हणजे स्फटिकरचना नसलेल्या सिलिकॉनची दोन पॅनेल घेतली. प्रत्येक पॅनेल जेमतेम एक चौरस मीटरचे, तपकिरी झाक असलेल्या काचेचे आणि ६० वॅटचे आहे. मागच्या लेबलवर ६७ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर असे छापलेले असून, घेणाऱ्याने सर्वांत आधी हेच दोन आकडे पाहावेत.

नेहमीच्या पॅनेलमधील सिलिकॉनची चकती दीडशे मायक्रॉनच्या आसपास जाडीची असते, तर येथे सिलेन या सिलिकॉनयुक्त वायूपासून काचेवर चढवलेला सिलिकॉनचा थर एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. भूकवचात ऑक्सिजनखालोखाल सिलिकॉनच विपुल आहे, आणि तेही इतके थोडे लागते. सौर कॅल्क्युलेटरवरची काळपट पट्टी याच जातीची. मात्र माल स्वस्त असला तरी जागा स्वस्त नसते. भर उन्हात एका चौरस मीटरवर सुमारे हजार वॅट ऊर्जा पडते. त्यातील सहा टक्के हे पॅनेल विजेत बदलते, तर आजचे चांगले मोनो पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक. म्हणजे तेवढ्याच विजेसाठी तिपटीहून जास्त छप्पर, लोखंडी सांगाडा आणि मजुरी लागते.

खरी अडचण व्होल्टेजची आहे. काचेवरच्या थरावर लेसरने रेघा मारून अरुंद, लांबट सेल पाडलेले आणि एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे व्होल्टेज चढते आणि करंट कमी राहतो. आमच्या दुकानदाराने ‘साठ वॅटला चालून जाईल’ असे म्हणत १२ व्होल्टचा साधा पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज सांभाळणारे यंत्र) पुढे केला. असा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर आणून ठेवतो, म्हणजे ०.९ अँपिअर गुणिले १३ व्होल्ट या हिशेबाने साठापैकी जेमतेम बारा वॅट पदरात पडतात. शिवाय भार नसताना या पॅनेलच्या टोकांवर नव्वद व्होल्टच्या आसपास दाब असतो, जो त्या कंट्रोलरला झेपणाराच नव्हता. लेबल दाखवल्यावर दुकानदाराने कुरकुरत का होईना, तो परत घेतला. शेवटी पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवून ती वीज बॅटरीच्या व्होल्टेजला उतरवणारा, १५० व्होल्ट सोसणारा एमपीपीटी कंट्रोलर घ्यावा लागला आणि त्याची किंमत दोन्ही पॅनेलांच्या मिळून किमतीपेक्षा जास्त झाली. दोन्ही पॅनेल समांतरच जोडावीत; सिरीजमध्ये जोडल्यास या कंट्रोलरचीही मर्यादा ओलांडली जाते.

एकदा जुळणी नीट झाल्यावर मात्र पॅनेलविषयी तक्रारीला फारशी जागा उरत नाही. मे महिन्यात तापलेल्या छपरावर मोनो पॅनेलची क्षमता दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्क्यांनी घटते. याची घट साधारण निम्मी असते. पावसाळी मळभातही आपल्या क्षमतेच्या मानाने ते बरी वीज देते, आणि व्होल्टेज मुळातच चढे असल्याने अंधूक सकाळीसुद्धा चार्जिंग सुरू होते. अमॉर्फस सिलिकॉन नवे असताना उन्हाने पहिल्या काही महिन्यांत लक्षणीय उतरते आणि मग स्थिरावते. स्टेबलर आणि व्रॉन्स्की या संशोधकांनी १९७७ मध्ये नोंदवलेला हा दोष जुन्या पॅनेलमध्ये आधीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे वापरलेला माल घेणे येथे उलट सोयीचे ठरते.

तांबे, जस्त, कथील आणि गंधक अशा सहज मिळणाऱ्या मूलद्रव्यांच्या केस्टेराइट सेलविषयी बरेच वाचायला मिळते; प्रयोगशाळेत त्याने अमॉर्फसला मागे टाकले आहे, पण छपरावर टाकायला दुकानात मागावे असे ते पॅनेल अजून नाही. कॅडमियम टेल्युराइड या दुसऱ्या पातळ थराचे पॅनेल कार्यक्षमतेत बरेच सरस असले तरी टेल्युरियम दुर्मीळ आहे, आणि फुटलेल्या पॅनेलची विल्हेवाट जबाबदारीने लावावी लागते.

शहरातल्या गच्चीवर, जिथे प्रत्येक चौरस फुटाचा हिशेब असतो, तिथे हे पॅनेल फुकट मिळाले तरी घेऊ नये. मोकळे छप्पर किंवा शेतघर असेल तर घ्यावे, मात्र निवडताना कडा बारकाईने पाहाव्यात. आमच्या पॅनेलांना ॲल्युमिनियमची चौकट नाही, त्यामुळे कोपऱ्याला लागलेला एक टोलाही काच तडकवतो. कडेपासून आत सरकणारे पांढुरके डाग दिसल्यास ओल शिरून काचेवरचा वाहक थर खराब होऊ लागला आहे असे समजावे आणि ते पॅनेल बाजूला ठेवावे.