पहिला अल्बम कोणता घ्यावा: रॉबर्ट हूडचा ‘मिनिमल नेशन’ की प्लास्टिकमॅनचा ‘कन्झ्यूम्ड’?

मिनिमल टेक्नो, म्हणजे यंत्रांवर मोजक्याच आवाजांतून उभे केलेले नाचाचे संगीत, ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे कुणी विचारले की मोजक्या अल्बमांची नावे पुढे येतात. त्यांत अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या रॉबर्ट हूडचा ‘मिनिमल नेशन’ आणि रिची हॉटिनने ‘प्लास्टिकमॅन’ या नावाने काढलेला ‘कन्झ्यूम्ड’ हे दोन बहुधा असतातच. पहिला १९९४ चा आहे, दुसरा १९९८ चा. दोन्हींत गाणे नाही, वाद्यांची गर्दी नाही आणि एकच आकृती मिनिटामागून मिनिटे चालू राहते, म्हणून दोघांना एकाच कुळातले मानण्याची पद्धत पडली आहे. मात्र इंदूरच्या ज्या मराठी श्रोत्यांबरोबर मी हे दोन्ही अल्बम ऐकले, त्यांच्यापैकी ज्यांना एक मनापासून भावला त्यांना दुसरा क्वचितच रुचला. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हा मतभेद आधी समजून घ्यावा, कारण चुकीचा अल्बम हाती आला तर हा संगीतप्रकारच आपल्यासाठी नाही, असा समज होण्याचा संभव असतो.

हे श्रोते रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा भागांत राहणारे आहेत आणि अधूनमधून कुणाच्या तरी घरी एकत्र बसून ध्वनिमुद्रणे ऐकतात. तबला शिकवणारे एक ज्येष्ठ काका, अनेक वर्षे ख्याल शिकलेल्या एक काकू, अभियांत्रिकीचे काही विद्यार्थी आणि नुसत्या कुतूहलाने येणारी शेजारची मंडळी असा हा मेळ आहे. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांच्या शहरात विलंबित लयीविषयी वेगळे सांगावे लागत नाही. झूमरा तालाच्या चौदा मात्रांचे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते आणि तेवढ्या वेळात गायक दोन-तीन स्वरांभोवतीच फिरत राहतो, हे येथील जुन्या श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. म्हणूनच संथपणाची किंवा पुनरावृत्तीची तक्रार या बैठकीत फारशी झाली नाही. मतभेद झाले ते निराळ्याच मुद्द्यांवर, आणि ते मला अधिक मोलाचे वाटतात.

‘मिनिमल नेशन’पासून सुरुवात करू. हूड हा जेफ मिल्स आणि माइक बँक्स यांच्याबरोबर ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या डेट्रॉइटच्या गटात होता आणि हा अल्बम मिल्सच्या ‘ॲक्सिस’ या लेबलवर, म्हणजे ध्वनिमुद्रण कंपनीतर्फे, निघाला. नव्वदीच्या सुरुवातीला युरोपातील रेव्ह पार्ट्यांमधून, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांतून, टेक्नो अधिकाधिक वेगवान, कर्कश आणि भरगच्च होत चालले होते. त्याच्या उलट दिशेने जाऊन, काढून टाकता येईल ते सगळे काढून जे उरेल त्यावरच रचना उभी करायची, हा हूडचा विचार होता. येथे ड्रम मशीनचा ठेका, हाय-हॅटची (झांजांच्या जोडीची) सळसळ आणि सिंथेसायझरवरचा चार-सहा स्वरांचा एक तुकडा एवढीच सामग्री आहे. ‘म्यूझियम’ ही रचना ऐकताना तो छोटा तुकडा चार मात्रांच्या चौकटीवर नेमका बसत नाही, किंचित आत-बाहेर सरकतो असे वाटत राहते. ऐकणाऱ्याचे लक्ष त्या सरकण्यावर एकदा गेले की मग ते तेथून हलत नाही.

या अल्बमविषयीचे सर्वांत नेमके मत तबल्याच्या काकांचे होते. त्यांच्या मते हा नुसता लेहरा आहे: एकल तबलावादनात सारंगीवर किंवा हार्मोनियमवर जो लेहरा सतत फिरत राहतो, तो येथे आहे, पण ज्याच्यासाठी तो धरायचा तो तबला मात्र वाजलाच नाही. त्यांना हे अपुरे वाटले आणि त्यांचा आक्षेप मी अजिबात हलका मानत नाही. लेहऱ्याला सम असते, वादक दूर जाऊन तिथे परततो आणि श्रोत्याचा आनंद त्या परतण्यात असतो. हूडच्या ठेक्यात प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा आहे, त्यामुळे समेची वाट पाहणारा कान सतत रिकामा राहतो. काकांच्याच एका तरुण शिष्याचे म्हणणे याच्या अगदी विरुद्ध होते. लेहरा हेच येथे मुख्य वादन आहे, असे धरून त्याने ऐकले. हाय-हॅट एका जागी उघडतो, पुढच्या फेरीत तिथेच बंद राहतो, एखादा स्वर थोडा तीक्ष्ण होतो, आणि एवढ्याशा बदलाने सगळ्या आकृतीचा तोल बदलतो, असे त्याने दाखवून दिले. माझा कौल शिष्याच्या बाजूने आहे. काकांना हवे ते या संगीतात नाही हे खरे, पण जे आहे ते कमी दर्जाचे नाही. समेऐवजी येथे तोल आहे, आणि तो ऐकायला वेगळी तयारी लागते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी ‘मिनिमल नेशन’ एकमुखाने पसंत केला. कारणे साधी होती: रचना आटोपशीर आहेत, पहिल्या काही सेकंदांतच त्या आपला विषय मांडतात, काम करताना किंवा चालताना चालतात. एकीने मात्र असे म्हटले की यांतील काही रचना घरी ऐकण्यासाठी नसून डीजेने दुसऱ्या रचनेत मिसळण्यासाठी केलेल्या आहेत, आणि एकामागून एक ऐकल्या तर तिसऱ्या-चौथ्या रचनेनंतर कान शिणतात. हे मत इतरत्रही अनेक श्रोते मांडतात आणि ते रास्त आहे. हा अल्बम मुळात नाचाच्या जागेसाठी बारा इंची तबकड्यांवर निघाला होता. तो सलग ऐकलाच पाहिजे असा आग्रह धरण्याचे कारण नाही.

‘कन्झ्यूम्ड’ची गोष्ट वेगळी आहे, कारण तो सलग ऐकला नाही तर जवळजवळ काहीच हाती लागत नाही. हॉटिन जन्माने इंग्रज, पण कॅनडातील विंडसर शहराच्या परिसरात वाढलेला. नदीच्या पलीकडच्या तीरावर डेट्रॉइट आहे आणि तेथील क्लबांतच त्याची घडण झाली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सीमेवर त्याला अडवण्यात आले आणि पुढे काही काळ त्याला नदी ओलांडता आली नाही. त्याचे ‘शीट वन’ आणि ‘म्यूझिक’ हे आधीचे अल्बम रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्राच्या वळवळत्या, आम्लासारख्या झोंबणाऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध होते. ‘कन्झ्यूम्ड’मध्ये तो आवाज बहुतांशी मागे सरला आहे. उरला आहे तो खोल बेस, दूरवर विरत जाणारे प्रतिध्वनी आणि त्यांच्या मधली जागा. आधीच्या प्लास्टिकमॅनवर प्रेम करणारे काही श्रोते या अल्बमवर नाराज असतात त्याचे कारण हेच, आणि तो त्याचा सर्वोत्तम अल्बम आहे असे मानणाऱ्यांचेही कारण हेच.

‘कंटेन’ ही पहिलीच रचना लांब आहे, आणि तिच्यात घडते ते इतके हळू घडते की घाईत असलेल्याला काहीच घडले नाही असे वाटेल. ख्याल शिकलेल्या काकूंनी सुरुवातीला डोळे मिटून घेतले आणि अल्बम संपेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी जे सांगितले ते मला या अल्बमवरचे सर्वांत समजूतदार भाष्य वाटले. आलापात स्वर लावल्यावर गायक थांबतो, त्या थांबण्यात मागचा स्वर संपलेला नसतो आणि पुढचा सुरू झालेला नसतो; हा अल्बम सगळाच त्या थांबण्यात आहे, असे त्यांचे म्हणणे होते. अमीर खाँ साहेबांचा मारवा ज्याने मन लावून ऐकला आहे, जिथे षड्ज कितीतरी वेळ टाळला जातो आणि त्याच्या अभावाचाच ताण श्रोत्यावर येतो, त्याला ‘कन्झ्यूम्ड’मधील रिकाम्या जागा रिकाम्या वाटणार नाहीत, असे मी माझ्याकडून जोडेन. साम्य एवढ्यावरच थांबते, कारण येथे राग नाही, बढत नाही आणि शेवटी कुठे पोचणेही नाही. शांततेचा उपयोग करण्याची रीत मात्र ओळखीची आहे.

विरोधी मतही तितकेच ठाम होते. बैठकीतील निम्म्याहून अधिक मंडळींना ‘कन्झ्यूम्ड’ उदास, कोंदट आणि लांबलेला वाटला. सत्तर मिनिटांहून अधिक वेळ एकाच अंधाऱ्या खोलीत बसवल्यासारखे वाटते, असे एका गृहस्थांचे मत पडले. त्यांच्या पत्नीला ‘कोर टेन’ ही रचना एवढी जड वाटली की त्या मधेच उठून गेल्या. या अल्बमला उजेडाची बाजू नाही, ही गोष्ट कबूल करावीच लागेल. मन आधीच खिन्न असेल तर तो निवडू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. तरीही ‘काहीच नाही’ हा आक्षेप मला मान्य नाही, कारण तो घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी अल्बम आधी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकला होता.

हा मुद्दा तांत्रिक आहे, पण निर्णयावर त्याचा सर्वाधिक परिणाम होतो. या संगीतातील बेसचे मूळ स्वर साधारण चाळीस ते साठ हर्ट्झच्या आसपास असतात. मोबाइलचा एवढासा स्पीकर शंभर हर्ट्झच्या खालचे जवळजवळ काहीच ऐकवू शकत नाही, आणि लहान ब्लूटूथ स्पीकरही तिथे तोकडे पडतात. ‘मिनिमल नेशन’चा बराचसा जीव मधल्या आणि वरच्या पट्टीत, म्हणजे हाय-हॅटमध्ये व सिंथेसायझरच्या तुकड्यात असल्यामुळे तो साध्या साधनावरही बऱ्यापैकी पोचतो. ‘कन्झ्यूम्ड’चा अर्धा भाग मात्र शब्दशः गळून जातो. तोच अल्बम जेव्हा चांगल्या हेडफोनवर आणि नंतर एका घरातील मोठ्या जुन्या स्पीकरांवर लावला, तेव्हा आधी नापसंती दर्शवलेल्या काहींनी मत बदलले. सर्वांनी बदलले नाही, आणि ज्यांनी बदलले नाही त्यांचा आक्षेप मग अधिक वजनदार ठरतो, कारण तो आता साधनावर ढकलता येत नाही. तेव्हा ज्याच्याकडे केवळ मोबाइल आहे आणि नवे साधन घेण्याचा विचार नाही, त्याच्यासाठी प्रश्न इथेच सुटतो: त्याने ‘मिनिमल नेशन’च घ्यावा. हूडने तो २००९ मध्ये आपल्या ‘एम-प्लांट’ या लेबलतर्फे नव्याने प्रसिद्ध केला आहे. परदेशातून तबकडी मागवणे महाग पडत असल्यास डिजिटल आवृत्ती घेण्यात काही कमीपणा नाही.

दोन्हींपैकी काहीच रुचले नाही, असेही काही जण होते. त्यांच्यापैकी ज्यांना माणसाचा आवाज आणि थोडी ऊब हवी होती, त्यांना चिलीत जन्मलेल्या आणि जर्मनीत वाढलेल्या रिकार्डो व्हिलालोबोसचा २००३ चा ‘अल्काचोफा’ आवडला. ‘ईझी ली’ या पहिल्याच रचनेत यंत्रातून वितळून आलेला आवाज आहे आणि ठेका मवाळ आहे. तक्रार एवढीच होती की रचना भटकत राहतात. मुंबईचे सिनेसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन यांवर डिस्कोच्या ठेक्यात राग वाजवलेला अल्बम ज्यांनी ऐकला होता, त्यांना या सगळ्या प्रकाराचा धसका मुळीच बसला नाही. रागाच्या हाताला धरून यंत्रांच्या आवाजाशी ओळख करून घेण्याचा तो चांगला मार्ग आहे, पण त्याला मिनिमल म्हणता येणार नाही, कारण त्यात स्वर अखंड धावत असतात.

आता निवड करणाऱ्यासाठी. तबला, पखवाज किंवा ढोल-ताशाच्या पथकातून ज्याचा कान तयार झाला आहे, जो मात्रा मोजतो आणि बारीक फरक टिपतो, त्याने ‘मिनिमल नेशन’पासून सुरुवात करावी, मात्र एका वेळी दोन-तीनच रचना ऐकाव्यात आणि समेची अपेक्षा बाजूला ठेवावी. विलंबित ख्याल, रुद्रवीणा किंवा ध्रुपदाचा आलाप ज्याला तासन् तास ऐकवतो, ज्याच्याजवळ चांगला हेडफोन आणि रात्रीचा मोकळा वेळ आहे, त्याने ‘कन्झ्यूम्ड’ घ्यावा आणि मधे न थांबता ऐकावा. माझी स्वतःची पसंती विचारली तर ती ‘कन्झ्यूम्ड’ला आहे, परंतु मित्राला पहिली भेट म्हणून मी ‘मिनिमल नेशन’ देईन, कारण तो ऐकणाऱ्याकडून कमी मागतो.

ज्याचा कल ताशाकडे आहे आणि तरीही हॉटिनच ऐकायचा आहे, त्याच्यासाठी एक मधली वाट आहे. प्लास्टिकमॅनच्याच नावाने १९९३ मध्ये निघालेली ‘स्पास्टिक’ ही रचना सारी ड्रम मशीनवर उभी आहे. तिच्यातील स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमचे धावते बोल ऐकताना अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात झांक्यांबरोबर, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांबरोबर, निघणाऱ्या ताशांची आठवण आमच्यापैकी बहुतेकांना झाली, तबल्याच्या काकांनाही. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली आणि ठोके बोटांवर मोजून पाहिले. ज्याला ‘स्पास्टिक’ पूर्ण ऐकवली, त्याने पुढे ‘मिनिमल नेशन’कडे जावे. ‘कन्झ्यूम्ड’ त्यानंतर काही महिन्यांनी घेतला तरी चालेल.