मेनिंजायटिसची लस: निघायच्या आधी की हॉस्टेलला पोचल्यावर?

मुलं कॉलेजसाठी घरापासून लांब हॉस्टेलला जाताना मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराची) लस कधी द्यायची, हा प्रश्न येतोच. आमच्याकडे दोन्ही प्रकार करून झालेत. मोठीचं बरंचसं तिकडे गेल्यावर झालं, धाकट्याचं सगळं निघायच्या आधी.

कॅम्पसवर क्लिनिक असतंच, मग इथे कशाला धावपळ, हा विचार तसा चुकीचा नाही. नुसती एसीडब्ल्यूवाय (या आजाराच्या जंतूच्या ए, सी, डब्ल्यू, वाय या चार प्रकारांवरची लस) घ्यायची असेल तर एकाच इंजेक्शनचं काम, चालून जातं. फक्त अँटिबॉडी तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि हॉस्टेलमधले पहिले आठवडेच सगळ्यात गर्दीचे, एका खोलीत चौघं, एकच बाटली पाचजण तोंडाला लावणार. मोठीला अपॉइंटमेंट मिळाली तिसऱ्या आठवड्यात. काही झालं नाही, पण मी तेवढे दिवस तिला ताप आहे का विचारत बसलो होतो.

पण खरा वैताग बी चा, म्हणजे त्याच जंतूच्या बी प्रकारावरच्या वेगळ्या लशीचा. कॉलेजच्या फॉर्मवर एकच टिक असते म्हणून लोकांना वाटतं झालं, पण एसीडब्ल्यूवायमध्ये बी नसतोच. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जी साथ आली ती बी चीच, आणि तेव्हा अमेरिकेत बी च्या लशीला परवानगीच नव्हती, खास मंजुरी घेऊन बाहेरून मागवावी लागली. आता बी च्या लशीचे बेक्सेरो आणि ट्रुमेन्बा असे दोन ब्रँड आहेत, पण सगळे डोस एकाच ब्रँडचे लागतात. मोठीचा पहिला डोस निघायच्या आठवड्यात घाईघाईत इथे दिला, सहा महिन्यांनी तिकडे दुसऱ्यासाठी गेली तर नर्सने फ्रीजमधून खोका काढला, कार्ड बघितलं आणि खोका परत आत ठेवला. त्यांच्याकडे दुसरा ब्रँड. म्हणजे परत पहिल्यापासून! पाच प्रकार एकत्र असलेली लसही आलीये, पण तिच्यातला बी कुठल्या ब्रँडचा हे बघावंच लागतं.

आधी घेण्यातही त्रास आहे बरं का, सहा महिने अगोदर सुरुवात करायची म्हणजे नेमका परीक्षेचा काळ, धाकट्याचा दंड दुखून दोन दिवस अभ्यास बुडाला. आणि फार लवकर घेऊनही उपयोग नाही, बी चं संरक्षण वर्ष-दोन वर्षांत ओसरायला लागतं म्हणतात. तरी माझ्यावर असतं तर मी परत आधीच देईन. डोसांमधलं अंतर डॉक्टर सांगतील तसं.

हातात महिनाच उरला असेल तर एसीडब्ल्यूवाय लगेच उरकून घ्या, आणि बी चा पहिला डोस टोचायच्या आधी तिकडच्या क्लिनिकला एक मेल टाकून विचारा, तुमच्याकडे कुठला ब्रँड असतो.