‘गिमसनची’ म्हणून गळ्यात मारलेली नवी खुर्ची

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये राहत असल्यामुळे अर्नेस्ट गिमसन या फर्निचर-रचनाकाराचं नाव मला चांगलंच ओळखीचं. १८६४ साली तो याच गावात जन्मला आणि १८९० मध्ये हेरफर्डशरमधल्या बॉसबरीला फिलिप क्लिसेट या वयोवृद्ध कारागिराकडे खुर्च्या करायला शिकला. अ‍ॅश या झाडाचं लाकूड, पाठीला आडव्या पट्ट्या, लव्हाळ्याने विणलेली बैठक. तशी एक हातांची खुर्ची एका विक्रेत्याने मला ‘गिमसन, १८९५’ सांगून साडेसहाशे पौंडांना विकली आणि चक्क लुबाडलं.

लबाडी उघडी पडली ती पायांवरून. क्लिसेट ओल्या लाकडावर काम करायचा. असं लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखं आकसत नाही, म्हणून कातलेला गोल पाय पुढे किंचित लंबगोल होतो. कॅलिपर (जाडी मापायचं साधन) लावून दोन्ही बाजूंनी मापलं, तर चारही पाय तंतोतंत गोल! समोरच्या खालच्या दांडीवर झीज होती खरी, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, पॉलिशपेपरने घासलेली. माणसांच्या टाचांनी झिजलेली दांडी कुठे खोल, कुठे उथळ असते. बैठकीच्या खालून एक दोर उलगडला, तर लव्हाळ्याऐवजी आतून निघाली पिळलेली तपकिरी कागदाची पट्टी.

बैठक नवी असणं हा गुन्हा नाही हो. लव्हाळं फाटतं, लोक पुन्हा विणून घेतात. याच घाटाच्या खुर्च्या पुढे एडवर्ड गार्डिनर, मग नेव्हिल नील या कारागिरांनी राजरोस स्वतःच्या नावाने केल्या, आणि त्यांना मान आहे. माझा संताप आहे तो खोट्या सालावर.

पैसे परत मागितले तेव्हा विक्रेता म्हणाला, “पाय दुरुस्तीत बदलले असतील.” चारही? पावतीवर त्याने ‘जुनी लाकडी खुर्ची’ एवढंच लिहिलंय. जाहिरात त्याने लगेच काढून टाकली, पण तिचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे आणि भांडण त्याच्याच जोरावर चालू आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने दिलेली वस्तू वर्णनाशी जुळली नाही, तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. तेव्हा कारागीर, साल आणि लाकूड पावतीवर लिहून घ्या. विक्रेता लिहायला कांकू करू लागला, तर पैसे देऊच नका.