वर्कस्टेशन प्रो १७: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो म्हणजे एका संगणकाच्या आत दुसरे आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर. वेगाबद्दल तक्रार नाही. ३२ जीबी रॅमवर विंडोज ११ आणि उबुंटू असे दोन गेस्ट (आतले आभासी संगणक) निवांत चालतात, आणि नोव्हेंबर २०२४पासून परवानाही फुकट आहे. पण व्हीएमवेअर वर्कस्टेशन संशयास्पद फाइली उघडून बघायला वापरायचं असेल, तर पाहायचं ते हे, की आतला कोड होस्टवर, म्हणजे आपल्या खऱ्या संगणकावर, येऊ शकतो का.

येऊ शकतो, आणि बऱ्याचदा सोयींच्या वाटेनेच. ब्लूटूथच घ्या. होस्टचं ब्लूटूथ गेस्टला देणाऱ्या कोडमधला बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर डेटा लिहिला जाण्याची चूक) एप्रिल २०२३मध्ये १७.०.२ने बुजवला. मे २०२४मध्ये त्याच भागात पुन्हा भगदाड: सीव्हीई-२०२४-२२२६७ (सीव्हीई म्हणजे सुरक्षादोषाचा जाहीर नोंदक्रमांक), तीव्रता १०पैकी ९.३. सोडून दिलेली मेमरी परत वापरली जात होती, दुरुस्ती १७.५.२मध्ये आली. गेस्टमध्ये अ‍ॅडमिन हक्क असले की होस्टवर गेस्ट चालवणाऱ्या व्हीएमएक्स प्रोसेसमधून कोड चालवता येत होता. मालवेअर तपासताना ते हक्क बहुधा आपणच देऊन बसलेले असतो, त्यामुळे ही अट नावापुरतीच.

म्हणून आवृत्ती कोणतीही असो, ब्लूटूथ बंद. गेस्ट सस्पेंड नको, पूर्ण शटडाउन करा. सेटिंग्जमध्ये यूएसबी कंट्रोलरवर जाऊन 'शेअर ब्लूटूथ डिव्हायसेस'ची टिक काढा. होस्टच्या ब्लूटूथ कीबोर्ड-माउसला काही होत नाही. त्याच फेरीत शेअर्ड फोल्डर्स, ड्रॅग-ड्रॉप, कॉपी-पेस्ट आणि थ्रीडी अ‍ॅक्सलरेशनही बंद करा. थ्रीडी गेल्यावर विंडोज ११ जडावतं, ते सोसायचं.

फसगत होते ती स्नॅपशॉटमध्ये, म्हणजे गेस्टच्या त्या क्षणाच्या स्थितीच्या जपून ठेवलेल्या प्रतीत. स्नॅपशॉट डिस्कसोबत सेटिंग्जही साठवतो, त्यामुळे जुन्या 'क्लीन' स्नॅपशॉटवर रिव्हर्ट केलं (मागे गेलं) की काढलेली टिक गुपचूप परत येते. या सगळ्या सोयी बंद करून, गेस्ट बंद असताना नवा स्नॅपशॉट घ्या आणि जुने उडवा.

जुलै २०२५मध्ये व्हीएमएक्सनेट-३ या आभासी नेटवर्क कार्डात सीव्हीई-२०२५-४१२३६ निघाली. कार्ड बदलून ई-१०००-ई केलं तर ती टळते, पण विंडोजला ते नवं कार्ड वाटतं आणि स्टॅटिक आयपी पुन्हा भरावा लागतो. शिवाय त्याच वेळी व्हीएमसीआय (गेस्ट-होस्ट संवादाची वाट) आणि पीव्हीस्कझी (आभासी डिस्क कंट्रोलर) यांमधल्या चुकाही जाहीर झाल्या, त्यांना कार्ड बदलून काय फरक पडणार? त्यापेक्षा सरळ १७.६.४ किंवा त्यापुढची आवृत्ती टाका. विंडोज गेस्ट असेल तर आतलं व्हीएमवेअर टूल्स हे सहायक सॉफ्टवेअरही अपडेट करा. व्हीसॉकेट्स या गेस्ट-होस्ट संवादाच्या भागातून मेमरीतली माहिती फुटण्याची चूक तिथेही होती.