ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा की चुन्याचा?

नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराची भिंत दगड-विटांची, चुन्यात बांधलेली. पुरात गोदेचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागलं की आमच्या भिंतींत पुढे कितीतरी दिवस ओल राहते.

मागे एकदा आम्ही सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग मारला. काम आठवड्यात उरकलं, भिंत देखणी दिसली. दोन पावसाळ्यांत कमरेइतक्या उंचीवर पोपडे सुटले. नखाने खरवडलं तर आत पांढरा, खारट भुगा. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, तिच्याबरोबर क्षारही येतात. घट्ट सिमेंट आणि रंगामुळे वाफ बाहेर पडत नाही. क्षारांचे स्फटिक आतच फुगतात आणि गिलावा ढकलून देतात.

चुना सच्छिद्र. ओल येते तशी सुकूनही जाते, क्षार पृष्ठभागावर येतात, ते कोरड्या ब्रशने झाडता येतात. पण चुना घाई खपवून घेत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो हळूहळू घट्ट होतो, म्हणून थर पातळ हवेत आणि भर पावसात काम नकोच. जाणता गवंडी शोधणं हेही एक कामच. वरून चुन्याचीच सफेदी द्या, प्लास्टिक पेंट दिलात तर सगळं मुसळ केरात.

गंगापूर रोडच्या नव्या आरसीसी इमारतीला मात्र सिमेंटच बरं. तिथे ओल बहुतेक गच्चीतून, खिडकीच्या कडांमधून किंवा भेगांतून शिरते. आधी त्या बुजवा.